रूप पालटणाऱ्या पाहुण्यास

काळ ओलांडून प्रेम करायला येणारा, रूपं पालटणारा परग्रहवासी नायक म्हणजे विलायती खूळ, असं म्हणणाऱ्यांनी भागवत उघडावं. ब्रह्मलोकातून रेवती परतली तेव्हा पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. तरी बलरामाशी लग्न लागलंच! मधल्या काळाचं चक्रवाढ व्याज काढायला कुणी मला सांगू नये, म्हणजे झालं.

माझं भांडण आहे ते नायकाशी. हा गडी राजा होतो, गरुड होतो, शतकं ओलांडतो, आणि कशासाठी? तर नायिकेच्या खिडकीखाली उभं राहायला! अरे बाबा, एकदा आमच्या किल्लारीत ये. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून दमलेलं गाव झोपलेलं असेल. पहाटे ३.५६ ला भूकंप होईल. त्याआधी नुसतं कुत्रं होऊन भुंक. तेवढ्यावर तुझे सगळे प्रेमचाळे माफ!