कर्ज नाकारलं, पण कोणाच्या सहीने?

वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवली एमआयडीसीत आपली मुलं वर्षानुवर्षं मशीन चालवतात. मशीनचे मालक मात्र थोडेच होतात. यावर आपल्याच बैठकांत ठरलेलं उत्तर मिळतं: "आपल्याला धंद्याची सवय नाही." आम्हाला हे पटत नाही. हातात काम आहे, ऑर्डर देणारेही ओळखीचे आहेत. गाडी अडते ती भांडवलावर.

बँकेत पहिला प्रश्न तारणाचा. कल्याण-डोंबिवलीत तो जास्तच बोचतो. बनावट कागदपत्रांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या इथल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. अशा इमारतीत आयुष्याची कमाई घातलेल्या कुटुंबाचं घर बँकेच्या लेखी शून्य. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे खरं. पण "जामीनदार आणा" हे वाक्य शाखेत ऐकलं नाही असा अर्जदार आम्हाला क्वचितच भेटतो.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना घ्या. महामंडळ 20 टक्के देणार, अर्जदाराने 5 टक्के घालायचे, उरलेले 75 टक्के बँकेचे. म्हणजे महामंडळाने फाईल मंजूर केली तरी किल्ली शाखेतच. तिथे दार बंद झालं की पोरगा रोजच्या वसुलीवाल्याकडे जातो आणि धंद्याचा नफा व्याजात संपतो.

मशीन आलं तरी सुटका नाही. जॉबवर्कचं बिल 2006 च्या कायद्यानुसार 45 दिवसांत मिळायला हवं, पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. तेवढे दिवस पगार आणि कच्चा माल कशातून भागवायचा? म्हणून मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिटही मागा.

आता मुद्द्याची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचं कर्ज शाखेच्या पातळीवर नाकारायचं नसतं. तो निर्णय वरच्या पातळीवर व्हायला हवा आणि कारण स्पष्ट नोंदवायला हवं. आपल्याकडे बहुतेक अर्ज काउंटरवरच तोंडी परत जातात. कागदच नाही, मग दाद कशाची मागणार?

म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा. विहारांतल्या कार्यकर्त्यांनी एक वही ठेवावी: शाखा, तारीख, रक्कम, कारण. जिल्ह्यातल्या बँकांची सल्लागार समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. पुढच्या बैठकीआधी ठाणे जिल्ह्याची ही वही त्यांच्या टेबलावर पोहोचायला हवी.