तीन माधवराव



पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला विचारून पाहा, थोरले माधवराव पेशवे दिसायला कसे होते? तो इतिहासाचं पुस्तक उघडणार नाही. रवींद्र मंकणींसारखे, असं सांगून मोकळा होईल. त्यांच्या पत्नी रमाबाईंचं नाव काढलं की मृणाल देव. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर आलेल्या ‘स्वामी’ मालिकेची ही किमया. कादंबरीवरून पडद्यावर आलेला भूतकाळ हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरला, तेव्हा पहिलं नाव साहजिकच तिचं निघालं.

खरं तर या गोष्टीत उत्कंठा ताणावी असं काही उरलेलंच नव्हतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 सालची. दोनच वर्षांनी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे ती घरोघरी वाचली गेली. पानिपताच्या पडझडीनंतर सोळाव्या वर्षी गादीवर आलेला पेशवा काका रघुनाथरावांच्या कारस्थानांनी गांजणार, क्षय त्याला पोखरणार आणि 1772 च्या कार्तिकात थेऊरच्या गणपतीपाशी तो सत्ताविसाव्या वर्षी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक बघत राहिले. शेवट ठाऊक असला की लक्ष माणसांकडे जातं. रघुनाथराव समोर आले की पुतण्याचा आवाज कुठे चढतो आणि कुठे आवरला जातो, हे निवांत न्याहाळता येतं. शिवाय कादंबरीला आपला शेवट असतो. टीआरपी वाढला म्हणून माधवरावांचं आजारपण दोनशे भाग लांबवायची सोय तिथे नसते. अलीकडच्या ऐतिहासिक मालिका पाहताना या शिस्तीची फार आठवण येते.

मालिकेचे दिग्दर्शक गजानन जागीरदार. प्रभातच्या 1944 सालच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे त्यांनीच उभे केले होते. शास्त्रीबुवांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ते कामासाठी वाड्यावर आले, तर श्रीमंत माधवराव जपाला बसलेले. शास्त्रीबुवा परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. श्रीमंत कारण सांगू लागले, तेव्हा त्यांनी सुनावलं : स्नानसंध्याच करायची तर गादी सोडून माझ्याबरोबर गंगेकाठी चला, नाहीतर रयतेचं काम बघा. पुढे माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश तो हाच. ती भूमिका अंगात मुरलेल्या माणसानं चार दशकांनंतर पुन्हा त्याच वाड्याची गोष्ट सांगावी, हा योग दुर्मीळ.

आता थोडी अडचणीची गोष्ट. माधवराव एक नव्हेत, तीन आहेत. पहिले कागदपत्रांतले : 1763 मध्ये राक्षसभुवनावर निजामाला नमवणारे, 1768 मध्ये धोडपच्या लढाईनंतर काकाला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवणारे, मरतानाही राज्याच्या कर्जाची चिंता वाहणारे. दुसरे देसाईंचे. रमाबाईंविषयी दप्तरं फारसं बोलत नाहीत. ती जागा लेखकानं प्रेमानं भरली आणि इतकी सुंदर भरली, की थेऊरला रमाबाईंचं सती जाणं वाचकाला त्या प्रेमाची परिपूर्ती वाटावी. तिसरे पडद्यावरचे. त्यांना चेहरा मिळाला, आवाज मिळाला, आणि मागचे दोघे पुसट झाले.

मालिका आली त्याच दशकात, 1987 च्या सप्टेंबरात, राजस्थानातल्या देवराळा गावी रूपकंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. देश हादरला आणि सतीच्या उदात्तीकरणालाही शिक्षा सांगणारा कायदा झाला. म्हणून ‘स्वामी’ बघू नये असं आम्ही म्हणणार नाही. गहिवर येत असेल तर मनसोक्त येऊ द्यावा, कलेनं तो कमावलेला असतो. मात्र डोळे पुसून झाल्यावर विचारावं, की आपण रडलो ते कशासाठी? दोघांच्या ताटातुटीसाठी, की त्या चितेच्या भव्यतेसाठी? मालिकेवरून कादंबरीकडे आणि कादंबरीवरून इतिहासाकडे असा उलटा प्रवास करणारा प्रेक्षक रसिकतेत कुठेही उणा पडत नाही. उलट एकाच गोष्टीचा त्याला तीनदा आनंद मिळतो.

या अंकातले लेख त्याच वाटेनं जातात. पटकथा बेतताना कादंबरीतलं काय गाळावं लागतं, नऊवारी आणि पगड्या कुठून जमवल्या जातात, कादंबरीकारानं इतिहासाशी किती सलगी करावी, यावर जाणकारांनी लिहिलं आहे. त्यांचं आपसात पटत नाही आणि आम्ही ते पटवायचा प्रयत्नही केलेला नाही. कथा, कविता आणि व्यंगचित्रं नेहमीप्रमाणे आहेतच.

 अंक वाचून भांडावंसं वाटलं तर पत्र जरूर पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

ही दिवाळी आपणा सर्वांना सुखाची, आरोग्याची आणि भरपूर वाचनाची जावो!

— संपादक