जुना ट्रॅक्टर दारी आणताना

माळव्यातील मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळची थोडीफार जमीन अजूनही निघते. १९५१ च्या कायद्यांनी मध्य भारतातील जहागिऱ्या गेल्या, पुढे वाटण्या झाल्या, मुले इंदूर, पुणे आणि त्याही पलीकडे पांगली. तरी कोणाच्या नावावर दहा, कोणाच्या नावावर वीस बिघे शिल्लक राहिले आहेत. ही जमीन बहुधा बटाईने दिलेली असते, आणि वर्षातून एकदा तरी ती विकून का टाकू नये, हा विषय पानावर बसल्यावर निघतो. वाचकांपैकी अनेकांना हा प्रसंग परिचयाचा असेल.

आमच्या घरी देवासच्या अलीकडे अठरा बिघे आहेत. आमच्याकडे चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, म्हणजे साडेचार हेक्टर. थोरले बंधू २०२१ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी वृद्ध बटाईदारानेही हात जोडले, आणि रस्त्यालगतच्या जमिनीवर डोळा असलेली मंडळी चहाच्या निमित्ताने घरी येऊ लागली. वहिनींचे म्हणणे एवढेच होते की, “भावजी, विकायची तर विकू, पण कसता येत नाही म्हणून विकायची नाही.” पुतणी इंदुरात नोकरी करते. शनिवार-रविवारी आपण शेत पाहू, असे तिने सांगितले. मग प्रश्न उरला तो नांगरणी-पेरणीचा.

भाड्याचा ट्रॅक्टर का नको, हे शहरी वाचकांस सांगावयास हवे. माळव्याच्या काळ्या मातीत पूर्वी पावसाळ्यात बरेचसे शेत मोकळे ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पावसाळ्यातील ती मोकळीक संपली. आता सोयाबीन सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात निघते आणि लगेच हरभऱ्याची वा गव्हाची पेरणी साधावी लागते. काळी माती ओली असताना पायाला चिकटते, वाळली की दगड होते. मधले थोडे दिवस काय ते कामाचे. त्या दिवसांत साऱ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो आणि छोट्या शेताकडे तो शेवटी येतो. नव्या ट्रॅक्टरला अनेक लाख लागतात. अठरा बिघ्यांच्या जिवावर तेवढे कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. तेव्हा जुना ट्रॅक्टर घ्यावा आणि नीट करून वापरावा, असे ठरले.

कोणता घ्यावा, यावर गावात जितकी डोकी तितकी मते. आम्ही सुट्या भागांचा विचार आधी केला. पिंजोरला १९७१ पासून झेटरच्या सहकार्याने बनू लागलेले एचएमटीचे ट्रॅक्टर अतिशय भक्कम; परंतु तो कारखाना बंद झाल्यास आता बरीच वर्षे झाली. आमच्या बडोद्याच्या वाचकांना ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टरविषयी ममत्व असणार, कारण तो त्यांच्याच गावी, विश्वामित्रीला बने; पण आमच्या तालुक्यात त्याचा जाणता मिस्त्री नाही. त्यामुळे मॅसी फर्ग्युसन १०३५ वर येऊन थांबलो. १९६० साली मद्रासेत स्थापन झालेल्या ‘टाफे’ कंपनीचा हा ट्रॅक्टर, इंजिन तेथल्याच सिम्पसन कंपनीचे, तीन सिलिंडरांचे. देवासच्या कोणत्याही भागवाल्याकडे याचे पिस्टनपासून बुशापर्यंत सारे मिळते.

या ट्रॅक्टरची कुळकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश यंत्रज्ञाच्या आधी नांगर ट्रॅक्टरमागे बैलगाडीसारखा नुसता ओढला जाई. फाळ खडकात अडकला की चाके फिरत राहात, पुढचा भाग वर उचलला जाई आणि चालक खाली सापडे. फर्ग्युसनने नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरच्याच अंगाला जोडला आणि त्याला हायड्रॉलिकची उचल दिली. जमीन कठीण लागली की नांगराचा रेटा वरच्या दांड्यातून, म्हणजे टॉप लिंकमधून, पुढे येतो. हायड्रॉलिक त्या इशाऱ्यावर नांगर किंचित उचलते आणि त्याचे ओझे मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू शकला. कव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनलेले त्याचे करड्या रंगाचे छोटे ट्रॅक्टर पाच लाखांवर गेले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले तेही याच ट्रॅक्टरांवरून. १९५३ साली फर्ग्युसनची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव रूढ झाले. आज कोणताही नवा ट्रॅक्टर पाहावा, त्याच्या पाठीशी तेच तीन सांधे दिसतात.

असो. आता खरेदीकडे वळू. आम्ही मार्च २०२३ मध्ये, गव्हाची कापणी चालू असताना, पाच ट्रॅक्टर पाहिले. मिस्त्रींची पहिली अट अशी की इंजिन थंड मिळाले पाहिजे. विकणाऱ्याने आपण पोहोचण्यापूर्वीच ते सुरू करून ठेवले असेल, तर बॉनेटखाली हात लावून ऊब पाहावी आणि नम्रपणे दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड इंजिन किती सेल्फने उठते, यातच निम्मी परीक्षा होते. मग धूर पाहावा. निळसर धूर निघत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. काळा असेल तर हवा अडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही, तर डिझेल न जळता जाते किंवा पाणी सिलिंडरात शिरते. इंजिन चालू असताना ऑइल भरावयाचे झाकण काढावे. तेथून धाप लागल्यासारखे वाफारे आले तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत, मालकाने काहीही सांगो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर घाईने निर्णय घेऊ नये.

परंतु इंजिनाला फारसे भिऊ नये. ते जाणते मिस्त्री सहज नवे करतात. भ्यावे ते गिअरबॉक्स आणि मागच्या भागाला. प्रत्येक गिअरमध्ये भार देऊन चालवून पाहावे; चढावर गिअर आपोआप सुटला तर आतले दाते गेले. कल्टिव्हेटर उचलून धरावा. इंजिन चालू असताना तो उचकी लागल्यासारखा खालीवर होत राहिला, तर लिफ्टमध्ये कुठेतरी तेल निसटते आहे. पुढच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून हलवावे, म्हणजे किंगपिन आणि बुश बोलू लागतात. आणि रंग ताजा असेल तर अधिक बारकाईने पाहावे. तिसऱ्या गावी आम्हांस लालचुटुक रंगाचा एक देखणा ट्रॅक्टर दाखविला गेला. पुतणीने रुमालाने ब्लॉकची बाजू पुसली, तेव्हा रंगाखाली वेल्डिंगची रेघ निघाली. तेथे चहा घेऊन आम्ही उठलो. जो घेतला तो रंग उडालेला, १९८४ च्या नोंदणीचा, एकाच घरी राबलेला होता. ऑइलच्या झाकणातून वाफारे येत होते, क्लच घसरत होता. पण गिअर घट्ट आणि लिफ्ट पुष्कळच बरी. एक लाख दहा हजारांना ठरला.

कागदांचे काम रुक्ष असले तरी सीमेलगतच्या वाचकांनी ते विशेष ध्यानात घ्यावे. आर.सी.वरील इंजिन व चासी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी लोखंडावर जुळवून पाहावेत. नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. ते मध्येच थकले आहे का, हे विचारावे. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा ३५ क्रमांकाचा फॉर्म आणि बँकेचे पत्र हवे. हस्तांतरणास २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म लागतात. बेळगावकरांनी कोल्हापुरातून किंवा बडोदेकरांनी झाबुआतून ट्रॅक्टर आणला, तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्रही आवश्यक आहे. बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन दुसऱ्या राज्यात ठेवले तर नोंदणी नव्याने करावी लागते. ना-हरकत पत्र हाती आल्यावरच पूर्ण पैसे मोजावेत.

दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांत अंगणातच झाली. मिस्त्री आणि पुतणी यांनी सारे उघडले, वहिनींनी प्रत्येक खर्च वहीत मांडला. झीज कशाने झाली याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले. या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. त्यातून गाळलेली हवा रबरी नळीने इंजिनात जाते. ती नळी फाटली होती आणि तिच्यावर चिंधी गुंडाळलेली होती. दोन-तीनशे रुपयांच्या नळीपायी काळ्या मातीची धूळ वर्षानुवर्षे थेट सिलिंडरात गेली आणि तिने लायनर घासून काढले. एअर क्लीनरची वाटी धुऊन तेल बदलणे हे काम धुळीच्या दिवसांत रोजचे समजावे.

लायनर, पिस्टन व रिंगा नव्या बसविल्या. क्रँक घासण्यासाठी शहरातील एका कारखान्यात दिली. ती चकचकीत होऊन परत आली. पण मिस्त्रींनी तारेला चिंधी बांधून तिच्या तेलाच्या भोकांतून फिरविली, तेव्हा आतून लोखंडाचा बारीक कीस निघाला. तसाच राहता तर नव्या बेअरिंगांचा निकाल पहिल्या तासातच लागता. क्रँक कोठूनही घासून येवो, तिची भोके डिझेलने धुऊन हवा मारल्यावाचून बसवू नये. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. अंदाजाने आवळलेले गॅसकेट पहिल्याच उन्हाळ्यात फुटते.

क्लचसाठी ट्रॅक्टरचे दोन तुकडे करावे लागतात, हे ऐकून वहिनी घाबरल्या होत्या. या जातीच्या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा भाग हाच एकमेकांना बोल्टांनी जोडलेला सांगाडा. मधले बोल्ट सोडले की पुढचा अर्धा भाग दोन चाकांवर उरतो, आणि पुढची धुरी मध्यावर झुलती असल्यामुळे तो कुशीवर कलंडू शकतो. म्हणून आधी धुरीच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात, नुसत्या जॅकवर विसंबू नये. एकदा उघडलेच आहे तर क्लच प्लेट, बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील एकदमच बदलावे. सील स्वस्त आहे, पुन्हा दोन तुकडे करणे महाग.

सारे जुळल्यावर डिझेलमधील हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला की आधी फेस येतो, मग स्वच्छ धार. तेच पुढे पंपावर, आणि शेवटी नोझलच्या नळ्यांवर. हे काम पुतणीने केले. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागले. दुरुस्तीचा एकूण खर्च वहीत अठ्ठ्याऐंशी हजार निघाला. त्यात पुढचे दोन टायर आले, मागचे तसेच ठेवले.

महिला वाचकांना एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मागे फिरणाऱ्या पीटीओ शाफ्टवरचे झाकण जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा हरवलेले असते. हा शाफ्ट मिनिटाला शेकडो फेरे घेतो. पदर, ओढणी किंवा सैल धोतर त्यात अडकले तर माणसाला सोडवून घेण्यास अवधीच मिळत नाही. आम्ही झाकण बसविल्याशिवाय थ्रेशर जोडू दिला नाही. दुसरे असे की अडकलेली गाडी किंवा झाडाचे खोड ओढावयाचे तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. ती वर टॉप लिंकच्या जागी बांधली, तर जो धोका फर्ग्युसनने घालविला तोच आपण परत आणतो: ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहून उलटतो, आणि या जुन्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या डोक्यावर कसलाच आधार नसतो. मडगार्डवर मुलांना बसवून फेरी मारण्याची हौस तर सर्वत्र दिसते. आमच्या दारी नातवंडांनी रडून पाहिले. वहिनींनी ऐकले नाही.

पहिले पन्नास तास हलके काम दिले, मग ऑइल बदलून हेड पुन्हा आवळले. जूनमध्ये सोयाबीन पडले, आणि ऑक्टोबरात कापणी झाल्यावर पाचव्या दिवशी हरभरा पेरून झाला; त्या सुमारास शेजारी अजून भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहात होते. त्यांतील दोघांची पेरणी पुतणीने करून दिली आणि डिझेल वजा जाता आलेले पैसे वहिनींनी त्याच वहीत जमेस मांडले. जमिनीसाठी चहाला येणारी मंडळी अधूनमधून अजून येतात. मागचे टायर आता बदलावयास आले आहेत, डायनॅमोही नीट चार्ज करीत नाही. या पावसाळ्याआधी ती दोन कामे उरकावयाची आहेत.