टंचाईचा छापखाना

छपाईयंत्र ज्याच्या मालकीचे आहे, त्याच्या दारी छापील कागदाची टंचाई कधीच नैसर्गिक नसते. दुष्काळात धान्याची टंचाई पडते, कारण पाऊस पडलेला नसतो. साठेबाजाच्या गोदामात धान्य असूनही बाजारात टंचाई भासते, कारण तसे भासविण्यात त्याचा नफा असतो. या दोन टंचायांतील भेद सामान्य गृहिणीलाही कळतो. परंतु लक्षावधी मुले आणि प्रौढ ज्या छंदात रमले आहेत, त्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मात्र तिसऱ्याच प्रकारची टंचाई राज्य करीत आहे. तेथे गोदामही लागत नाही. मालकाने यंत्र थांबविले की काम भागते. आणि या थांबलेल्या यंत्राची पूजा करावयास ग्राहकालाच शिकविले जाते.

प्रथम खेळाला न्याय दिला पाहिजे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा या जातीचा आद्य खेळ 1993 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणितज्ञ. प्रत्येक खेळाडूने आपल्या संग्रहातून निदान साठ पत्त्यांचा कॅट स्वतःच रचावयाचा, ‘भूमी’च्या पत्त्यांतून शक्ती मिळवावयाची, त्या शक्तीवर इतर पत्ते उतरवावयाचे आणि प्रतिस्पर्ध्याचे वीस प्राणगुण संपवावयाचे, असा त्याचा सांगाडा. दोघांचे कॅट कधीच सारखे नसतात. म्हणून पत्ते पिसण्यापूर्वीच, रचनेच्या वेळी, निम्मा डाव खेळला गेलेला असतो. असा खेळ बुद्धीला धार लावतो, अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवितो. सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पत्ता हा चित्रकाराच्या हातचा कलाविषयही असतो हे सांगावयास नको. तेव्हा ‘रिकामटेकड्या मध्यमवर्गीयांचे चाळे’ म्हणून नाक मुरडणारे पुरोगामी चूक करतात. दोष खेळण्यात नाही, जमविण्यातही नाही. दोष आहे तो विक्रीच्या पद्धतीत.

ही पद्धत अशी. कंपनीकडून पत्ते सहसा सुटे, पाहून विकत मिळत नाहीत. कंपनी ते बंद पाकिटातून विकते. प्रदीर्घ काळ या पाकिटात 15 पत्ते असत: बहुतेक सामान्य, तीन कमी आढळणारे आणि एक दुर्मिळ. 2008 पासून दुर्मिळाच्याही वर ‘अतिदुर्मिळ’ अशी पायरी निर्माण करण्यात आली. असा पत्ता साधारणपणे आठ पाकिटांत एखाद्यात निघावा, अशी योजना होती. आता या दोन पत्त्यांत फरक कोणता? कागद तोच, शाई तीच, यंत्र तेच, यंत्रावरच्या कामगाराचे श्रमही तेवढेच. चित्रकाराची मेहनतही दोन्हींत सारखीच. तरीही एक पत्ता कवडीमोल आणि दुसरा शेकडो डॉलरचा. वस्तूतील माणसाचे श्रम दृष्टीआड होतात आणि किंमत हा जणू वस्तूचाच अंगभूत गुण वाटू लागतो, या वस्तुपूजेचे इतके शुद्ध उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

प्रारंभीच्या नियमांत आणखी एक कलम होते. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅटमधील एक पत्ता पणाला लावावयाचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यावयाचे. हे कलम लोकांना रुचले नाही. यथावकाश ते गळाले. परंतु जुगार टेबलावरून उठला तो घरी गेला नाही. तो पाकिटात जाऊन बसला. पूर्वी दोन खेळाडू परस्परांविरुद्ध पण लावीत. आता दोघेही कंपनीविरुद्ध लावतात आणि कंपनी कधीच हरत नाही. मटक्यावर आकडा लावणाऱ्या गिरणी कामगाराला निदान ठाऊक असे की आपण जुगार खेळतो आहोत. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पाकीट देताना त्याला ‘खेळणे’ म्हणण्यात येते.

कायदा काय म्हणतो? बेसबॉल आदी पत्त्यांच्या पाकिटांविरुद्ध अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावले, तेव्हा 2002 साली अपील न्यायालयाने ते फेटाळले. ग्राहकाने पाकीट घेतले, पाकीट त्याला मिळाले. हवा तो पत्ता निघाला नाही ही निराशा झाली, नुकसान नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. उलट बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये पडद्यावरील खेळांतील अशाच बंद पेटाऱ्यांना जुगार ठरविले. पेटारा विजेचा असला की जुगार आणि कागदाचा असला की करमणूक, हा भेद तर्काने कसा टिकावा?

परंतु पाकीट हा या व्यवस्थेचा केवळ दरवाजा आहे. तिचा गाभा अन्यत्र आहे. 1995 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशक कंपनीने जुने पत्ते पुन्हा छापले. खेळाडूंना ते स्वस्तात मिळाले. साठा करून बसलेल्यांचे भाव मात्र कोसळले आणि त्यांनी ओरड केली. कंपनीने 1996 मध्ये एक यादी जाहीर केली: यादीतील पत्ते पुन्हा कधीही छापले जाणार नाहीत. आज या यादीत पाचशेहून अधिक पत्ते आहेत. 2010 मध्ये तिच्यातील उरलीसुरली पळवाटही बुजविण्यात आली. खेळणारा आणि साठवणारा यांचे हितसंबंध समोरासमोर आले, तेव्हा कंपनीने लेखी वचन दिले ते साठवणाऱ्याला. खेळणाऱ्याला वचन कोणी दिले?

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. ‘ब्लॅक लोटस’ नावाच्या पत्त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या सुमारे 1,100 प्रती निघाल्या. त्यांपैकी एक, चित्रकाराची स्वाक्षरी असलेल्या पेटीतील, 2021 च्या जानेवारीत 5 लाख 11 हजार डॉलरना विकली गेली. 2024 मध्ये दुसऱ्या एका प्रतीला 30 लाख डॉलर मिळाले. असा पत्ता कोणी पिसत नाही. तो तपासून, गुण देऊन, प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद केला जातो. खेळण्यासाठी जन्मलेली वस्तू खेळण्याच्या उपयोगातून बाद होते आणि नेमकी म्हणूनच महाग होते. उपयोगमूल्याच्या प्रेतावर विनिमयमूल्याचा मुकुट, असे हे दृश्य आहे. मे 2021 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका दुकानाबाहेर पत्त्यांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघाले आणि त्या दुकानसाखळीला पत्त्यांची विक्रीच थांबवावी लागली. ही चटक मुलांनी लावून घेतलेली नाही. ती बाजाराने लावली.

वचनाची पवित्रता कंपनीनेच किती मानली तेही पाहावे. 2022 च्या नोव्हेंबरात, तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने, याच दुर्मिळ पत्त्यांच्या नकला तिने छापल्या. चार पाकिटे, एकूण साठ पत्ते, किंमत 999 डॉलर; आत काय निघेल ते पुन्हा दैवावर. आणि त्यांची पाठ वेगळी ठेवलेली, म्हणजे अधिकृत स्पर्धेत ते चालणार नाहीत! मूळ पत्ता गरिबाला मिळू नये म्हणून वचन आणि नक्कल श्रीमंताला विकता यावी म्हणून पळवाट.

या साम्राज्याची मालक ‘हॅस्ब्रो’ ही खेळण्यांची मक्तेदार कंपनी. तिने 1999 मध्ये ‘विझर्ड्स’ सुमारे 32 कोटी 50 लाख डॉलरना विकत घेतली. 2022 मध्ये एकट्या ‘मॅजिक’ने शंभर कोटी डॉलरची मजल गाठली. ज्यांच्या श्रमावर हे उभे राहिले त्यांच्या वाट्याला काय आले? डिसेंबर 2023 मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, ‘हॅस्ब्रो’ने सुमारे 1,100 जणांच्या कपातीची घोषणा केली, त्यापूर्वी त्याच वर्षी सुमारे 800 जण घरी गेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अद्याप बाजारात न आलेले पत्ते एका ग्राहकाच्या हाती आले, तेव्हा ते परत घेण्यासाठी कंपनीने त्याच्या दारात पिंकर्टन संस्थेची माणसे धाडली. कामगार चळवळीच्या इतिहासाला हे नाव अपरिचित नाही. 1892 मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातील कामगारांवर चालून गेले ते याच पिंकर्टनचे भाडोत्री शिपाई. कागदी पत्त्यांच्या रक्षणालाही शेवटी तोच दंडुका लागावा, यात योगायोग थोडा आणि तर्क अधिक आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. ‘कोणी सक्ती केली? नको तर घेऊ नका’, हा पहिला. परंतु खेळाचे नियम, पत्ते आणि स्पर्धा एकाच हाती असतील, तर ‘घेऊ नका’ याचा अर्थ ‘खेळू नका’ एवढाच होतो. पाणवठा एकाचाच असताना ‘दुसरीकडे पाणी प्या’ असे सांगण्यासारखे ते आहे. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: विश्वासाने पत्ते जपणाऱ्या छोट्या संग्राहकाचे काय? त्याचे नुकसान होईल हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पहिल्या आवृत्तीची जुनी प्रत पुनर्मुद्रणानेही जुनीच राहते. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणून पहिल्या आवृत्तीचा मान जात नाही. जाईल ती सट्ट्याची सूज. खरा संग्राहक वस्तूवर प्रेम करतो. इतरांना ती न मिळण्यावर नव्हे.

दुसरा मार्ग नाही असे कोणी म्हणू नये. खेळाडूंनीच केवळ सामान्य पत्त्यांवर खेळण्याचा प्रकार रुजविला आणि त्याला ‘पॉपर’, म्हणजे कंगाल, असे अभिमानाने नाव दिले; 2019 मध्ये कंपनीला त्याला सर्वत्र अधिकृत मान्यता द्यावी लागली. त्याहून मोठे उदाहरण ‘नेटरनर’चे. गारफिल्डच्याच 1996 च्या या खेळाचे 2012 मध्ये पुनरुज्जीवन झाले ते ठरलेल्या पत्त्यांच्या संचांतून. पाकिटात दैव नव्हतेच. 2018 मध्ये परवाना संपला, प्रकाशन थांबले, खेळ मेला असे जाहीर झाले. तेव्हा खेळाडूंनी स्वतः नफारहित संस्था उभारली, नवे पत्ते रचले आणि ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याने घरी छापून घ्यावे म्हणून ते विनामूल्य उपलब्ध केले. खेळ जिवंत आहे. ज्या महाराष्ट्राने सहकाराचा उदय पाहिला आणि त्याची अधोगतीही पाहिली, त्याला या घटनेचे मोल अधिक कळावे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पाकिटात काय आहे ते विक्रीपूर्वी सांगा. लहान मुलांना दैव विकणे बंद करा. 1996 ची यादी फाडून टाका आणि यंत्र सुरू करा. आणि तोवर खेळाडूंनी घरी छापलेल्या पत्त्यांनी मैत्रीचा डाव मांडावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. डाव खेळणाऱ्यांचा असतो. न खेळता पत्ते कोंडून ठेवणाऱ्याच्या हाती हुकूम राहू देणे, हे खेळाडूंनी यापुढे चालवून घेऊ नये.