प्रयोगशाळेचे दार आणि आमची मुले

डेट्रॉईटच्या उत्तरेस असलेल्या ट्रॉयमध्ये आम्हां आंबेडकरी कुटुंबांपैकी अनेकांचा संसार मोटारउद्योगाच्या संगणकप्रणालींवर चालतो. रविवारी वंदनेनंतर एकत्र बसलो की मुलांच्या शिक्षणाचा विषय निघतो आणि ठरावीक चार-पाच कंपन्यांच्या नावांपाशी येऊन थांबतो. राष्ट्रीय प्रयोगशाळेचे नाव कोणी काढत नाही. पाहिलेलीच नाही, तर काढणार कोण?

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी वार्षिक तीन लाख रुपयांची मागणी होती. त्यांतील एक लाख परदेशी शिक्षणाकरिता. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाजाचे फारसे साधणार नाही, असे त्यात एका बॅरिस्टरने लिहावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आम्ही संगणकशास्त्राला ‘विज्ञान’ मानून त्या मागणीतून मोकळे झालो आहोत.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सतरा राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. शिकागोजवळची आर्गोन येथून मोटारीने सुमारे पाच तासांवर. शेव्हरोले व्होल्ट या मोटारीच्या बॅटरीतील कॅथोडचे रसायन तेथले. त्याहून जवळ, दीड तासावर, ईस्ट लॅन्सिंगला ‘एफ-रिब’ हे दुर्मीळ समस्थानिकांचे केंद्र २०२२ पासून सुरू आहे. ते सतरांत मोडत नाही, परंतु मिशिगन स्टेट विद्यापीठ ते ऊर्जा खात्यासाठीच चालवते. अशा ठिकाणी केवळ डॉक्टरेट झालेलेच लागतात, हा गैरसमज आहे. कणप्रवेगकाची असंख्य उपकरणे ‘एपिक्स’ नावाच्या मुक्त प्रणालीने नियंत्रित होतात. ती आर्गोन आणि लॉस अलामोस यांनी मिळून घडवली. ती सांभाळणारे आमच्यासारखेच अभियंते असतात. शिवाय वेल्डर, तंत्रज्ञ, हिशेबनीसही.

पगार मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांइतका नसतो, हे मान्य. सम्यक आजीविकेचा प्रश्न विचारणाऱ्यांचेही बरोबर आहे: लॉस अलामोस, लिव्हरमोर आणि सँडिया यांचे मुख्य काम अण्वस्त्रांचे. आर्गोनचे तसे नाही. निवड करता येते.

खरी अडचण वेगळी आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सुली’ ही सवेतन उमेदवारीची योजना आहे; उन्हाळ्यात दहा आठवडे, अर्ज साधारणतः जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. मात्र अट अशी की अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा. आमच्या कित्येक घरांत धाकटी येथे जन्मलेली, तर थोरला नागपूरला किंवा पुण्याला. ग्रीनकार्डाच्या रांगेत आईबापांची वर्षे जातात आणि एकविसाव्या वर्षी थोरल्याचा आश्रित व्हिसा संपतो. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी एकीलाच दार उघडे. जन्मावरून दार बंद होणे आम्हांला नवे नाही. म्हणून ते मुकाट्याने सोसावे असेही नाही.

थोरल्यासाठी वाट लांबची आहे, पण आहे. विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात सवेतन काम करता येते, आणि एफ-रिब आवारातच आहे. पुढे डॉक्टरेटनंतरच्या संशोधकपदांवर परदेशी नागरिकही घेतले जातात. धाकटीचा अर्ज मात्र यंदाच भरायचा आहे. तिचे निवेदन वाचून दुरुस्त करायला आमच्यातील ज्यांनी शोधप्रबंध लिहिले आहेत, त्यांनी डिसेंबरातले दोन रविवार द्यावेत. जेवणाचे आम्ही बघतो.