स्वर्गाच्या आशेचा कज्जा

स्वर्गाचे अभिवचन नसते तर ख्रिस्ती मनुष्य सदाचरणी राहिला असता काय, हा प्रश्न निरीश्वरवाद्यांनी उपस्थित करण्याच्या पुष्कळ आधी खुद्द ख्रिस्ती धर्मपीठातच उद्भवला होता, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर पोपच्या दरबारी रीतसर कज्जा चालला होता. एका बाजूस मो येथील बिशप बोस्युए, दुसऱ्या बाजूस कांब्रेचे आर्चबिशप फेनेलाँ. दोघेही फ्रेंच राजघराण्यातील मुलांचे शिक्षक राहिलेले, आणि दोघेही फ्रेंच गद्याचे धुरंधर.

1697 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फेनेलाँनी असे प्रतिपादिले की, ईश्वरप्रेमाची परमावधी तीच, जिच्यात स्वतःच्या सुखाचा, किंबहुना स्वतःच्या उद्धाराचाही, हेतू उरत नाही. स्वर्गाची आशा टाकावी असे नव्हे, परंतु ती धरावयाची ती ईश्वराची तशी इच्छा आहे म्हणून, आपले हित त्यात आहे म्हणून नव्हे. बोस्युएंना ही निव्वळ आत्मवंचना वाटली, कारण सुखाची इच्छा मनुष्याच्या संकल्पशक्तीतच मुरलेली असते. मराठी वाचकाला येथे गीतेतील निष्कामतेची आठवण व्हावी हे साहजिक आहे. मात्र फेनेलाँचा विषय कर्म नव्हता, प्रेम होता.

फेनेलाँनी स्वतःच रोमकडे दाद मागितली, आणि 12 मार्च 1699 रोजी बाराव्या इनोसंट पोपने त्यांच्या ग्रंथातील 23 विधाने दूषणीय ठरविली. रोमचा पक्ष अगदीच लंगडा नव्हता. शाश्वत पारितोषिकावर दृष्टी ठेवून सत्कर्म करणे हे पाप होय, असे म्हणणाऱ्यांना ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 सालीच शापित ठरविले होते. शिवाय आत्म्याने ईश्वरापुढे पूर्ण निष्क्रिय व्हावे असे शिकविणाऱ्या मोलिनोस या स्पॅनिश पुरोहिताला रोमने 1687 साली दोषी ठरविल्याचे प्रकरण ताजे होते, आणि ज्याला स्वतःच्या उद्धाराचीच पर्वा नाही तो पापाचा प्रतिकार तरी कशासाठी करील, ही धास्ती धर्माधिकाऱ्यांच्या मनातून गेलेली नव्हती. सामान्य जनांचा बंदोबस्त ज्यांच्याकडे सोपविलेला असतो त्यांना अशी धास्ती शोभते, आणि पुष्कळांना पहिले पाऊल उचलावयास स्वर्गाचीच आशा लावते, हेही मी मान्य करतो. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्यांना राज्य मिळते त्यांनाच त्याचे आश्चर्य वाटते. भुकेल्याला अन्न देताना आपण कोणाची सेवा करीत होतो हे त्यांना ठाऊकच नसते. ही कथा बोस्युएंपेक्षा फेनेलाँच्या बाजूने साक्ष देते, असे मला तरी वाटते.

फेनेलाँनी निकाल विनातक्रार शिरसावंद्य मानला. फ्रेंच राजदरबाराची मर्जी आधीच गेली होती. उरलेले आयुष्य त्यांनी कांब्रेतच घालविले, आणि 1709 साली युद्ध त्या प्रांताच्या दाराशी आले तेव्हा निर्वासितांना व जखमी सैनिकांना आपला प्रासाद मोकळा करून दिला. अशा मनुष्यास स्वहितासाठी स्वर्गाची आशा धरावयास लावल्याने त्याच्या आचरणात कोणती भर पडली असती, याचा खुलासा बोस्युएंच्या पक्षाने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

— तटस्थ