टक्केवारी मुलीची, दाखला आजोबांचा

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या आधी माझ्याकडे एक प्रश्न येतो: "सर, मिळेल का?" कॉलेजचे नाव दरवर्षी बदलते, पण असते पुण्यातल्या चार-पाच नामांकित कॉलेजांपैकीच एक. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. त्यामुळे प्रवेशाचेही सरांना ठाऊक असणार, असे पालक धरून चालतात.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीला ५०० पैकी ४७३ गुण मिळाले. वडील फळांची गाडी लावतात. फोनवर त्यांचा आवाज कापत होता. "सर, चौरानवे टक्के हैं. अब तो मिलेंगा ना?" मी म्हणालो, "इन्शाअल्लाह, जरूर." अकरावीच्या ऑनलाइन अर्जात तिने पहिला पसंतीक्रम त्याच कॉलेजला दिला.

खुल्या गटाची यादी ४७७ वर थांबली. ओबीसीची ४६५ वर. मुलगी बागवान. बागवान समाज महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. म्हणजे जागा तिची होती, पण जातीचा दाखला नव्हता आणि नॉन-क्रिमीलेअरही नव्हते. तिचा अर्ज खुल्या गटात गेला आणि चार गुणांनी राहिला.

तिचे वडील म्हणाले, "मायनॉरिटी कोटा है ना?" हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. अल्पसंख्याक कॉलेजातला कोटा त्या संस्थेच्या समाजासाठी असतो. संस्था ख्रिस्ती असेल तर ख्रिस्ती मुलांसाठी, सिंधी किंवा गुजराती भाषिकांची असेल तर त्यांच्यासाठी. मुस्लिम विद्यार्थ्याला तो मुस्लिम संस्थेतच मिळतो. आणि जे कॉलेज अल्पसंख्याक नाहीच, तिथे असा कोटाच नसतो. तिथे ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस यांपैकी जे लागू असेल तेच कामाला येते, आणि दोन्हींना कागद लागतो.

मग कागद का नव्हता? आम्ही शोधायला बसलो तेव्हा कळले. ओबीसी दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि त्या जुन्या कागदावर जात लिहिलेली असेल तर काम सोपे होते. आजोबा सोलापूरकडचे, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या शाळेच्या रजिस्टरातला उतारा मिळाला. जातीच्या रकान्यात लिहिले होते, 'मुसलमान'. वडिलांच्या दाखल्यावर 'मुस्लिम'. मुलीच्या दाखल्यावरही 'मुस्लिम', आणि ती नोंद आमच्याच शाळेत झाली होती. तीन पिढ्या, तीन शाळा, आणि एकाही मास्तराने विचारले नाही की बाबा, तुमची बिरादरी कोणती? त्या मास्तरांत मीही आलो.

तिच्या चुलत आजोबांच्या कागदावर 'बागवान' सापडले. गावी चकरा झाल्या, प्रांत कार्यालयात अर्ज गेला. दाखला हातात आला तेव्हा प्रवेश केव्हाच बंद झाले होते. काही वर्षी अर्जाची पावती जोडून मुदत मिळते. पण पावती मिळायला आधी अर्ज तर करायला हवा.

आपल्यातले काही जण इथे म्हणतात, "इस्लाममध्ये जात कुठे आहे? मग दाखला कशाला?" नमाजच्या सफीत जात नाही, हे खरेच आणि ते तसेच राहो. पण सरकारी यादी ईमान मोजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच धंद्यात राहून मागे पडलेले कोण, एवढेच ती पाहते. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन यांचे मागासलेपण नमाजने पुसले गेलेले नाही. शब्बीर अन्सारी यांनी जालन्यातून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्यासाठी गावोगावच्या सभांना गेले, ते याच हक्कासाठी. लोकांनी झगडून मिळवलेला हक्क आपण रकाना न भरल्यामुळे सोडून देतो.

दुसरे काही जण ५ टक्के मुस्लिम आरक्षणाची वाट पाहतात. २०१४ मध्ये त्याचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले रोखले, शिक्षणातले त्या वेळी रोखले नाही. तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. ती मागणी जरूर करावी. पण जे आज हातात आहे ते सोडून, जे नाही त्यासाठी मोर्चा काढण्यात मुलांचे नुकसान आहे.

गुणांना महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. ४७३ गुण त्या मुलीने रात्री जागून मिळवले. माझे म्हणणे एवढेच की ते गुण कोणत्या यादीत मोजले जाणार, हे निकालाच्या दिवशी नव्हे, आठवी-नववीतच ठरलेले असते. आपण गुणगौरवाला शाल, नारळ, मोमेंटो देतो. त्याच पैशात आणि त्याच हॉलमध्ये नववीच्या पालकांची एक सभा का घेत नाही? आजोबांच्या शाळेचा उतारा, वडिलांचा दाखला, तीन वर्षांचे उत्पन्न, रहिवासाचा पुरावा. जे ओबीसी यादीत नाहीत आणि ज्यांचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस. कोणाचा कोणता कागद कमी आहे, हे तिथेच लिहून द्यायचे. मशिदीत जुम्याला दोन मिनिटांचे एलानही पुरेल.

ती मुलगी दुसऱ्या कॉलेजात गेली, बारावी झाली, आता बी.एस्सी. करते आहे. तिचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण त्या कॉलेजचे नाव निघाले की तिचे वडील अजून विषय बदलतात, आणि मीही.

तिचा धाकटा भाऊ यंदा माझ्या नववीत आला. पहिल्याच आठवड्यात मी वर्गातल्या सगळ्यांना दाखल्याची झेरॉक्स आणायला सांगितली. बेचाळीस मुलांपैकी जातीच्या रकान्यात बिरादरी लिहिलेली होती फक्त सहा जणांच्या. उरलेल्या छत्तीस घरी आता मला जायचे आहे. "सर, मिळेल का?" या प्रश्नाला मी यापुढे "इन्शाअल्लाह" म्हणेन, पण त्याआधी विचारेन, "दाखला काढलात का?"